येरमाक्काचं कूळ

आमच्या प्राणिशास्त्र विभागात रोज सकाळी साडेनऊ वाजता एका मेलेल्या साळुंखीला नमस्कार होतो. साळुंखी पेंढा भरलेली आहे, तिचा एक काचेचा डोळा कधीच निखळून गेलाय आणि शेपटीला कसर लागलीय. रंगरावमामा तिच्या कपाटासमोर येऊन चपला काढतात, टोपी सारखी करतात, डोळे मिटून हात जोडतात, आणि मग त्याच हातांनी शेजारच्या घुबडाला फडका मारून भिंतीकडं सारतात. घुबडाला नमस्कार नाही.

मी नवीन असताना एकदा न राहवून विचारलं, "मामा, हे काय?"

"देवक हाय आमचं," मामा म्हणाले. "साळुंखीचं पीस. ते म्होरं ठेवल्याबिगर आमच्यात हळद लागत न्हाई. तिला मारायची न्हाई, तिचं पीस पडलं तर पायाखाली घ्यायचं न्हाई. आता हिला कुणी मारून पेंढा भरला त्यो त्याचं बघून घील. आपून आपलं हात जोडायचं."

"आणि घुबड?"

"त्ये कुणाचं देवक असल्यालं माझ्या तरी ऐकिवात न्हाई."

मी मूळची वाईची, सासर सांगलीचं आणि नोकरी आष्ट्याच्या बाजूच्या एका कॉलेजात. रंगरावमामा आमचे लॅब अटेंडंट. आमच्याकडं समस्त शिपाईवर्गाला मामा म्हणायची पद्धत आहे, पण हे मामा खरोखरच अर्ध्या वाळवा तालुक्याचे मामा असावेत. लग्नं जुळवणं हा त्यांचा छंद. त्याबद्दल ते कुणाकडून काही घेत नाहीत. लग्नात मानाची टोपी मिळते, ती मात्र हक्कानं घेतात. त्यांच्या घरी एक लोखंडी ट्रंक भरून टोप्या आहेत. रोज नवी घातली तरी जन्माला पुरतील, पण घालतात ती एकच, तेलकट काठाची.

माणूस दिसला की मामा तीन गोष्टी विचारतात. कूळ काय, देवक काय, आजोळ कुठलं. नाव त्यानंतर, तेही आठवलं तर. उत्तरं आली की ते डोळे मिटतात, ओठ हलवतात, आणि मिनिटभरात नातं बाहेर पडतं. "म्हंजे तुमी आमच्या बोरगावच्या आत्तीच्या नंदंचं चुलत दीर लागताय की!" समोरचा माणूस वीजमीटर बघायला आलेला असतो. तो बिचारा आकडा लिहायचं विसरून चहा पिऊन जातो.

माझीही परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. वाईची म्हटल्यावर ते म्हणाले, "तुमच्यात कूळ न्हाई, गोत्र असतंय. चालतंय. मूळ धरून आल्याशी कारण." माझं लग्न झालेलं आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा थोडा पडला. पण मला एक बिनलग्नाची नणंद आहे म्हटल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्या नणंदेचं त्यांनी दीड वर्षात जुळवलं. मुलाच्या पंजोबांच्या बहिणीबद्दलसुद्धा त्यांना माहिती होती, आणि ती माहिती बरोबर निघाली.

एकदा बाहेरून प्रात्यक्षिक परीक्षेला एक परीक्षक आले होते. कडक म्हणून जिल्ह्यात प्रसिद्ध. मुलं सकाळपासून पांढरी पडली होती. मामांनी चहाचा कप पुढं करता करता त्यांचं आजोळ काढलं. कुंडल निघालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते परीक्षक मामांचे लांबचे मेहुणे झालेले होते, आणि बेडकाच्या हृदयाचे तीन कप्पे विचारल्यावर चार सांगणाऱ्या मुलालाही त्यांनी हसून "बस बाळ" म्हटलं.

प्राणिशास्त्रात सजीवांची जी उतरंड शिकवतात, संघ, वर्ग, गण, कूळ, प्रजाती, जाती, ती मामांना फार आवडते. पहिल्यांदा ती फळ्यावर लिहिलेली पाहिली तेव्हा ते फडका हातात धरून बराच वेळ उभे राहिले.

"म्याडम, समद्या जनावरांची कुळं लिवून ठिवल्यात व्हय?"

"हो."

"कुणी?"

"सुरुवात स्वीडनच्या एका माणसानं केली. फार वर्षं झाली त्याला."

"लग्नं जमवीत असणार," मामा म्हणाले.

आता मामांच्या घरची गोष्ट सांगायला हवी. ती सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे, आणि तिच्यावाचून पुढचं समजायचं नाही. मामांना एकुलती एक मुलगी, वैशाली. ती साताऱ्याला नर्सिंगला होती. तिथल्या दवाखान्याची पाण्याची मोटर दुरुस्त करायला वडूजचा सचिन नावाचा मुलगा यायचा. हळूहळू मोटर फार वेळा बिघडू लागली. मुलगा कामाचा, सरळ, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. वैशालीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मामांनी आपले तीन प्रश्न विचारले. कूळ? माहीत नाही. देवक? माहीत नाही. मुलाच्या बापाचं आजोळ? तेही नाही. सचिनचे वडील अगदी लहान असताना मोठ्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर कुणाबरोबर तरी वडूजला आले होते. बरोबरची माणसं कुठं गेली, मेली की राहिली, ते त्या पोराला सांगता येत नव्हतं. गावातल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं त्याला ठेवून घेतलं, आपलं आडनाव दिलं.

मामांनी वडूजला तीन खेपा घातल्या. कामावरचा जुना मुकादम गाठला, त्याला ऐकू येत नव्हतं. म्हातारी माणसं गाठली, त्यांना आठवत नव्हतं. सचिनला मात्र ते भेटले नाहीत, कारण मुलगा बघायचा तो कूळ कळल्यावर, हा त्यांचा नियम. तिसऱ्या खेपेहून परत आले तेव्हा वैशाली म्हणाली, "आबा, तुमी कूळ हुडका. तवर मी लगीन करते." आणि तिनं केलं.

मामा म्हणाले, कूळ कळल्याबिगर त्या घरात पाऊल ठेवणार नाही. लेक म्हणाली, आबा इथं येत नाहीत तोवर मीही आष्ट्याला यायची नाही. दोघांनीही शब्द पाळला. अकरा वर्षं झाली. नात नऊ वर्षांची आहे, ती मामांनी पाहिलेली नाही. मामी दर दोन महिन्यांनी वडूजला जातात. मामा त्यांची पिशवी एसटी स्टँडवर आणून देतात, खिडकीशी जागा धरतात, कंडक्टरचं आजोळ विचारतात आणि गाडी हलेपर्यंत खाली उभे राहतात. पिशवीत कुरडया, शेंगदाण्याची चटणी, तुपाचा डबा असतो. हे कोणी पाठवलं, तर कोणी नाही, "घरात जादा झालं हुतं."

असं सगळं सुरळीत चाललं असताना वरून पत्र आलं की तपासणी समिती येणार आहे आणि संग्रहालयातल्या सगळ्या वस्तूंना मराठी लेबलं हवीत. मजकूर मी काढायचा आणि मामांनी लिहायचा, असं ठरलं. मामांचं अक्षर फार सुंदर आहे. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर घडलेलं. सरडे झाले, साप झाले, पक्षी झाले. साळुंखीचं लेबल त्यांनी सोनेरी शाईत लिहिलं आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. शेवटी राहिलं एक हाड.

हे हाड म्हणजे खरं तर हाडाचा प्लास्टरचा ठसा. आमचे एक जुने प्राध्यापक परदेशी गेले होते, त्यांनी तिकडून आणलेला. एरेमोपेझस नावाचा एक पक्षी, इजिप्तच्या वाळवंटात त्याच्या पायाची थोडी हाडं सापडली, बाकी काही नाही. तीन-साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचा, चांगला उंच आणि बहुधा न उडणारा. तो कुणाच्या नात्यातला यावर विद्वानांचं आजतागायत एकमत नाही. मी कागदावर लिहून दिलं: वर्ग पक्षी, गण अनिश्चित, कूळ अनिश्चित.

दुपारी मामा कागद घेऊन परत आले. "म्याडम, हितं लिवायचं ऱ्हायलंय."

"राहिलं नाही मामा. अनिश्चित असंच आहे."

"चौकशी केली न्हाई का कुणी?"

"शंभर वर्षं करतायत."

"गोऱ्या लोकास्नी चौकशी येत न्हाई," मामा म्हणाले. "त्येनी आजोळ धरून जायाला पायजे हुतं." आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "मार्चात मी रिटायर हुतोय. त्याच्या आत हिचं लावून देतो."

'हिचं' कधी झालं ते मला कळलं नाही. एरेमोपेझस हे नाव मामांच्या जिभेवर बसेना, म्हणून दोन दिवसांत त्या पक्ष्याची येरमाक्का झाली. मामांच्या लग्नं जुळवायच्या वहीत एका कोऱ्या पानावर तिचं नाव चढलं. नाव: येरमाक्का. गाव: इजिप्त. उंची: चांगली. शिक्षण या रकान्यापुढं त्यांनी रेघ ओढली.

रोज सकाळी साळुंखीचा नमस्कार झाला की ते माझ्यासमोर उभे राहत. मी सांगायची: सुरुवातीला काही लोकांनी हिला शहामृगाच्या नात्यात घातलं होतं. मामा खूश. मोठं घराणं! पुढं दुसऱ्यांनी पायाची ठेवण बघून म्हटलं, छे, शहामृगाशी काही संबंध नाही. मामा संतापले. "ठरल्यालं मोडलं? कुणी मोडलं?" मग मी सांगितलं की आफ्रिकेत जोड्यासारख्या चोचीचा एक मोठा पाणपक्षी आहे, त्याच्याशी हिचा पाय थोडा जुळतो म्हणतात. मामांनी त्या पक्ष्याचा फोटो मोबाईलवर बराच वेळ निरखला. "त्वांड काय बरं न्हाई," ते म्हणाले. "पर पाण्याकडंचं हाय. बागायतदार असंल."

त्यांच्या घरी रविवारी कोंबडी झाली की मामा पायाचं हाड धुऊन, पुसून, सोमवारी रुमालात बांधून आणायचे आणि येरमाक्काच्या शेजारी ठेवून पाहायचे. मामींनी मला निरोप पाठवला की तुमच्या कॉलेजात जेवण मिळत नाही का. शेवटी मामांना कळलं की कुंडलजवळ एकाच्या मळ्यात इमू आहे. कुणीतरी हौसेनं पाळलेले, त्यातला हा एकटाच उरलेला. मामा खास धुतलेला सदरा घालून गेले. मोजायला टेप, लिहायला वही, आणि माझ्याकडून मागून घेतलेला तो ठसा.

दुसऱ्या दिवशी आले ते लंगडत. सदऱ्याचं वरचं बटण नव्हतं.

"काय झालं मामा?"

"बघायचा कार्यक्रम झाला," मामा म्हणाले. "त्येनं बटान गिळलं. पाय मोजाया वाकलो, तर लाथ घातली. म्हटलं, गड्या, नगं असंल तर नगं म्हन. माणसाचं बटान कशाला खातोस?"

"माप जुळलं का?"

"न्हाई." वही मिटून म्हणाले, "एकटंच हाय वो त्ये पाखरू. कुंपनाच्या कडं-कडंनं फिरतंय नुसतं."

त्या आठवड्यात त्यांनी मला पत्र लिहायला लावलं. पुण्याला माझे एक गुरुजी आहेत, जीवाश्मांतले जाणकार. मामांच्या सगळ्या शंका मी जशाच्या तशा लिहिल्या. आईकडून काही माहिती मिळेल का, हीसुद्धा. गुरुजींना गंमत वाटेल एवढीच माझी अपेक्षा होती. पण त्यांचं दोन पानी उत्तर आलं, आणि तेही मामांच्या नावानं. मामांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगून ते मला वाचायला दिलं. चष्मा खिशात होता.

गुरुजींनी सगळी मतं नीट मांडली होती आणि शेवटी लिहिलं होतं: "रंगराव, अनिश्चित या शब्दाचा अर्थ चौकशी राहिली असा नाही. चौकशी झाली, मनापासून झाली. उत्तर मिळालं नाही, तेवढं खरेपणानं लिहून ठेवलं आहे. उद्या मिळेल किंवा कधीच मिळणार नाही. पण तो पक्षी आहे, चांगला धडधाकट पक्षी होता, याबद्दल कुणाला शंका नाही. तेव्हा तुम्ही निःशंक मनाने त्याला पक्ष्यांच्या कपाटात ठेवा."

"पुन्यांदा वाचा," मामा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मामा स्टुलावर बसले. आमच्या विभागात ते बसलेले मी फारसे पाहिलेले नाहीत.

"म्हंजे कूळ न्हाई कळलं तर बी चालतंय?"

"चालतं मामा."

"कपाटातनं काढत न्हाईत?"

"कशाला काढतील? पक्षीच आहे ना तो."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिचा काठ चाचपत राहिले. बाहेर तासाची घंटा झाली, मुलं दारापर्यंत आली, मी हातानंच त्यांना थांबवलं.

"म्याडम, म्या अकरा वर्सं पोरीचं त्वांड बघितलं न्हाई," मामा म्हणाले. "लय आठवन येती वो तिची. ह्या कुळापायी चारशे घरं जोडली म्या. माझंच तेवढं ऱ्हायलं."

मामांनी डोळे पुसले, त्याच फडक्यानं बाटल्या पुसल्या, आणि मुलांना आत घेतलं. संध्याकाळी मी निघताना पाहिलं तर येरमाक्काचं लेबल लिहून झालं होतं. कूळ: अनिश्चित. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं.

पुढच्या महिन्यात मला वडूजला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला जायचं होतं. आदल्या दिवशी मामा आले. "म्याडम, उद्या मी येतो संगं. पेटी जड असतीया."

"कसली पेटी?"

"असती कसली तरी."

सकाळी खरंच पेटी घेऊन आले. स्लाइडची जुनी लाकडी पेटी, आत काय होतं ते मी विचारलं नाही. गाडीत तुपाचा वास येत होता. विट्याला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं मामांशी आपण होऊन गप्पा काढल्या, तरी मामांनी त्याचं कूळ विचारलं नाही. पुढं माळरान लागलं तसे ते खिडकीबाहेर बघत बसले. वडूजात शिरल्यावर म्हणाले, "तुमी परीक्षंला जावा. मी जातो चालत." मी ऐकलं नाही. पत्ता त्यांना पाठ होता.

रस्त्याला लागून मोटर रिवायंडिंगचं दुकान, मागं घर. एक चाळिशीकडं झुकलेला माणूस खाली बसून तांब्याची तार गुंडाळत होता. मामा दुकानासमोर पेटी धरून उभे राहिले. मी गाडीपाशीच थांबले. त्या माणसानं वर पाहिलं. त्याला गिऱ्हाईक वाटलं असावं.

"या पावनं," तो म्हणाला. "कुठलं?"

"आष्ट्याचं."

"आष्ट्यात कुणाच्यातलं?"

ह्या प्रश्नावर मामा एरवी पंजोबांपासून सुरू करतात. कूळ, देवक, आजोळ, पणजोळ, सगळं एका दमात येतं. मी ते कितीतरी वेळा ऐकलंय. त्या दिवशी त्यांनी नुसती पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"वैशालीच्यातला," मामा म्हणाले.

मी उगाच पर्समध्ये गाडीची चावी शोधू लागले, ती माझ्या हातातच होती. सचिननं तार खाली ठेवली. उठून मामांच्या हातातली पेटी घेतली, स्टूल सदऱ्याच्या बाहीनं पुसून पुढं केलं, आणि घराकडं तोंड करून हाक मारली.

"वैशाली, बाहीर ये. तुझ्यातलं पावनं आल्यात."